एका टिकेला एक मीटर

'टाइमपीस' म्हटलं की आपल्या नागपुरात डोळ्यांपुढे येतं ते टेबलावरचं, पाठीवर चाव्या असलेलं, पहाटे गजर करून घर डोक्यावर घेणारं घड्याळ. इंग्रजीत मात्र हा शब्द भलताच सुटाबुटातला! मनगटावरचं असो की मनोऱ्यावरचं, वेळ दाखवणारं कुठलंही यंत्र औपचारिक इंग्रजीत टाइमपीसच. आणि या एका शब्दाच्या पोटात काय काय मावतं, ते पाहाल तर गरगरायला होईल. चला, सोबतच मोजू. हिशेब सोपा ठेवू: घड्याळाची एक टिक म्हणजे एक मीटरचं पाऊल.

आधी चावीचं मनगटी घड्याळ घ्या. सेकंदाला ५ टिका, दिवसाला ४,३२,०००. म्हणजे ४३२ किलोमीटर! मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचा धरला, तर जवळजवळ तीन खेपा. रोज, न थकता.

आता सेलवरचं क्वार्ट्झ. आतला इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. एका थरथरीला एक मीटर धरा. मुंबईहून पुणं पाच सेकंदांच्या आत! दिवसभरात २८ लाख किलोमीटर. चंद्र पावणेचार लाखांवर. म्हणजे तिथवरच्या सात खेपा होऊन वर उरतात.

दमलात? अजून अणुघड्याळ यायचंय. १९६७पासून जगाचा सेकंद ठरतो तो सीझियमच्या अणूवर: ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तनं झाली की एक सेकंद. तोंडाने सेकंदाला एक याप्रमाणे मोजायचं म्हटलं, तर २९१ वर्षं लागतील. रघुजीराजे भोसले नागपूरचे धनी होण्याआधीच मोजायला बसायला हवं होतं! आणि आपल्या पावलांनी? १५ कोटी किलोमीटरवरचा सूर्य अवघ्या १७ सेकंदांच्या आत. प्रकाशालाही तिथून इथे यायला आठ मिनिटं लागतात!

चूक किती? उत्तम सीझियम घड्याळ ३० कोटी वर्षांत एका सेकंदाने चुकेल. सीताबर्डीची टेकडी ज्या लाव्ह्याची, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. तेव्हा हे घड्याळ लावलं असतं, तर आज पाव सेकंदाचाही फरक पडला नसता!

आणि शेवटी स्ट्रॉन्शियमचं प्रकाशीय घड्याळ. सेकंदाला ४२९ लाख कोटी आवर्तनं! एकेका आवर्तनाला एक रुपया ठेवा. केंद्र सरकारचं २०२५-२६चं अख्खं अंदाजपत्रक सुमारे ५१ लाख कोटींचं, तशी आठ अंदाजपत्रकं एका सेकंदात खलास. पावलं टाका, चंद्र मागे, सूर्य मागे, नेपच्यून मागे, आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, जिथून प्रकाश यायला सव्वाचार वर्षं लागतात, तो दीड मिनिटाच्या थोडं पुढे पायाखाली! चहाला उकळीसुद्धा आलेली नसते.

आणि आपण? आपण तरी कुठे जागच्या जागी आहोत! पृथ्वीच्या फिरण्याने नागपूर मिनिटाला जवळजवळ २६ किलोमीटर पूर्वेकडे सरकतं. हा मजकूर वाचायला तीन मिनिटं लागली असतील, तर टेबलावरच्या टाइमपीसचा काटा तीनच घरं पुढे गेला. तेवढ्यात तुम्ही बसल्या खुर्चीत ७८ किलोमीटर कापलेत. नागपूरहून वर्धा जवळपास तेवढंच आहे.