भाकरी नाकारण्याआधी

खडकवासल्याच्या रस्त्यालगत एक छोटा दवाखाना आहे. पावसाळ्यात तिथल्या बाकावर दोन तऱ्हेची माणसं शेजारी-शेजारी बसलेली असतात. एक नव्या सोसायट्यांमधली, हातात लशींचं पुस्तक आणि गोंडस कपडे घातलेला पग किंवा शित्झू घेऊन आलेली. दुसरी किरकटवाडी-नांदोशीकडची, दाव्याला बांधलेला गावठी कुत्रा ओढत आणणारी. ही गावं २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण गोठे आणि राखणीचे कुत्रे अजून जागेवर आहेत. डॉक्टरांच्या परवानगीने मी काही सकाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो. बाकावरच्या दोन्ही बाजूंची तक्रार एकाच वाक्याने सुरू व्हायची: खात नाही.

डॉक्टरांना हे वाक्य ऐकून चीड येते आणि ते ती फारशी लपवत नाहीत. त्यांचं म्हणणं, कुत्रा खायचं थांबवतो तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. दुखणं झाकून वावरायची त्याची जात. भूक जाण्याआधी त्याची चाल बदलते, झोप बदलते, बसायची जागा बदलते. ते ओळखायला त्याचा रोजचा दिवस ठाऊक असावा लागतो, आणि तो डॉक्टरांना कसा ठाऊक असणार?

म्हणून ते कुत्र्याला लगेच टेबलावर घेत नाहीत. दोरी सोडायला सांगतात आणि दारापासून आतपर्यंत तो कसा येतो ते बघतात. पाठीला बाक आहे का, मान खाली आहे का, बसताना मागचे पाय सावकाश दुमडतो का. मग प्रश्न. हात सगळ्यात शेवटी.

एका सकाळी एक आजोबा आणि त्यांची सून तांबूस रंगाचा कुत्रा घेऊन आले. "दोन दिस झालं, भाकरीला तोंड लावत न्हाय," आजोबा म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, "काका, त्याच्या आधी काय वेगळं दिसलं?" आजोबांना काही आठवेना. सून हळूच म्हणाली, "दुधाची गाडी आली की फाटकापर्यंत पळायचा. आता बसल्या जागेवरूनच भुंकतो. आठवडा झाला असंल." डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. माझ्या मते त्या सकाळचं खरं निदान तिनेच केलं होतं.

पुढे वरचा ओठ उचलून हिरडी पाहिली. निरोगी हिरडी गुलाबी असते; अंगठ्याने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. फिकटपणा म्हणजे रक्त कमी किंवा रक्तप्रवाह मंदावलेला, पिवळेपणा म्हणजे कावीळ, निळसर झाक म्हणजे प्राणवायूची कमतरता आणि एक मिनिटही न दवडायची वेळ. अनेक गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. या कुत्र्याच्याही होत्या, म्हणून डॉक्टरांनी खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला. चुन्यासारखा होता. ताप १०४ अंश फॅरनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे आपल्या हाताला तो कायमच गरम लागतो. नाक कोरडं की ओलं यावरून तर काहीच ठरत नाही. ताप गुदद्वारात थर्मामीटर लावूनच मोजायचा.

कानाच्या मागे आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत गोचिडी सापडल्या. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा तांबड्या पेशींच्या आत बारीक ठिपके दिसले: गोचिडीतून येणारा बबेसिया हा परजीवी. त्यातली गिब्सोनी ही जात पॅटन या संशोधकाने १९१० साली मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पहिल्यांदा नोंदवली, म्हणजे हा आपल्याकडचा जुना रहिवासी आहे. तो तांबड्या पेशी फोडतो, म्हणून दम लागतो, पळणं थांबतं, कधी लघवी कॉफीच्या रंगाची होते. गोचिडीतूनच येणारा दुसरा आजार, एर्लिचिया, प्लेटलेट पाडतो. त्यात पोटाच्या कातडीवर लाल टिपके उमटतात किंवा नाकातून रक्त येतं. कुत्र्याला उलटं करून पोट बघायला अर्धं मिनिट लागतं. बघतं कोण?

गडद लघवी आणि फिकट हिरड्यांचं आणखी एक कारण इथे खडकवासला धरणाच्या चौपाटीवर तळलं जातं. धरणावर फिरायला आलेली मंडळी प्रेमाने कुत्र्याला कांदाभजी भरवतात. कांदा, कच्चा असो की तळलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. तोवर भजी कुणाच्या लक्षातही नसतात. तिथल्याच मक्याच्या कणसाचं दुखणं वेगळं. दाणे खाऊन फेकलेला दांडा कुत्रा गिळतो, तो पचत नाही, आतड्यात अडकतो. वारंवार उलटी, शी बंद, आणि पुढचे पाय पसरून मागचा भाग वर ठेवून ताणून उभं राहणं, ही लक्षणं दिसली की सोनोग्राफी करायची. साध्या एक्स-रेत दांडा कित्येकदा हुलकावणी देतो.

काही लक्षणं तर कौतुकाने सांगितली जातात. एक ताई म्हणाल्या, "हल्ली पाणी मात्र छान पिते हो." कुत्री आठ वर्षांची, नसबंदी न केलेली, माजावर येऊन दीड महिना झालेला. डॉक्टरांचा चेहरा बदलला. गर्भाशयात पू झाला की कुत्री जास्त पाणी पिते; बाहेर स्राव दिसेलच असं नाही. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ते झोपेतले श्वास मोजायला सांगतात: गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या वर जात राहिले तर हृदय किंवा फुप्फुस तपासायचं.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा आवाज चढतो. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, हे दिसताच घरचे म्हणतात, घशात हाड अडकलं, आणि तोंडात हात घालतात. ते हाड नसून रेबीज असू शकतो. हात घातलेला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून थेट माणसांच्या दवाखान्यात जायचं, लशीसाठी.

तांबूस कुत्र्याला इंजेक्शन देऊन झाल्यावर आजोबांनी विचारलं, गोठ्यात जनावरांवर फवारतो तेच औषध ह्याला चोळू का? डॉक्टरांनी ठाम नाही म्हटलं. गाईच्या मापाचं औषध चाटून कुत्रे दगावलेले त्यांनी पाहिलेत. कुत्र्यासाठीची गोळी वेगळी दिली आणि फवारा कुठे मारायचा ते सांगितलं: तो बसतो त्या भिंतीच्या फटींत, कारण गोचिडीची मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि तिथेच हजारो अंडी घालते. कुत्र्याला तिथून दूर बांधून मगच मारायचा. सुनेने विचारलं, फटी चुन्याने बुजवल्या तर? चालेल, डॉक्टर म्हणाले, पण आधी फवारा. आणि चार दिवसांनी रक्त पुन्हा तपासायला घेऊन या, तो खायला लागला तरी.