शरीरावयवांच्या नांवांची फोड

संधि व समास सोडवितांना ‘ह्याचा पुढें उपयोग काय?’ असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. त्याचें एक उत्तर दवाखान्याच्या कागदावर सांपडतें.

आपल्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील कित्येक रुग्णांस मोठ्या उपचारांसाठीं आगगाडीनें मुंबई गांठावी लागते. तेथील जमशेटजी जिजीभाई रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालापासून चालू आहेत. अशा ठिकाणीं मिळणाऱ्या कागदावरील लांबलचक नांवें पाहून वडील माणसें गोंधळतात, आणि तो कागद शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या हातीं देतात.

‘अपेंडिसायटिस’ व ‘अपेंडिसेक्टमी’ हे दोन शब्द घ्या. दोहोंचा आरंभ एकच. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आंतड्याच्या आरंभाशीं असलेलें शेंपटीसारखें आंत्रपुच्छ. भेद आहे तो शेवटांत. ‘आयटिस’ म्हणजे दाह. ‘एक्टमी’ म्हणजे कापून बाहेर काढणें, कारण ग्रीक भाषेंत ‘एक’ म्हणजे बाहेर व ‘टोमे’ म्हणजे कापणें. पहिला शब्द रोगाचा, दुसरा शस्त्रक्रियेचा. ज्या कागदावर वडिलांची सही व्हावयाची, त्यावर कोणता शब्द आहे हें कळणें लहानसहान गोष्ट नव्हे.

हा शेवट एकदां ओळखला कीं इतर शब्दहि उकलतात. ‘हेपॅट’ म्हणजे यकृत्, म्हणून हेपॅटायटिस तो यकृद्दाह. येथें त् चा द् कां झाला, तें संधीचा नियम सांगेल! हृदयाभोंवतालचें आवरण तें हृदयावरण, अर्थात् पेरिकार्डियम. ह्यांतील ‘पेरि’ हा आपल्या ‘परि’ ह्या उपसर्गाचा भाऊच होय. तसेंच ‘ऑस्टिऑन’ व अस्थि. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचें मूळ एक असावें, असें सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास प्रतिपादिलें होतें.

फोड केल्यानें उच्चारहि सुधारतो. पेरि–कार्ड–आयटिस असें सांध्यासांध्यावर थांबून वाचा, म्हणजे जीभ अडखळणार नाहीं.

घरगुती शब्दांविषयीं मात्र सावध असावें. बोलण्यांत ‘काळीज’ म्हणजे हृदय. खाटकाच्या दुकानीं तेंच काळीज म्हणजे यकृत्. हृदय छातींत किंचित् डावीकडे, यकृत् उजव्या बरगड्यांखालीं. म्हणून आजीचें ‘काळीज दुखतें’ असें डॉक्टरांस सांगण्यापूर्वीं, नेमकें कोठें दुखतें तें तिला बोटानें दाखवावयास सांगा.