बुकिंगां गेली नव्हती

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तारकर्लीच्या एका होमस्टेच्या मालकीणबाईंचा सकाळीच फोन आला. "सगळी बुकिंगां गेली रे! पान कोरां दिसता." दिवाळीच्या सुट्टीच्या खोल्या भरत आल्या होत्या, पाहुण्यांकडून आगाऊ पैसे घेतलेले होते. जीव घाबरणारच.

मी त्यांचं बुकिंगचं वेबपान उघडून बघितलं. तक्त्याखाली बारीक अक्षरांत '० नोंदी' आणि 'तारीख' या रकान्याच्या डोक्यावर फिल्टरची निळी खूण. मे महिन्याच्या गर्दीत त्यांनी '१ मे ते ३१ मे' असा फिल्टर लावला होता. मग पाऊस लागला, किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या वर ओढल्या गेल्या, स्कूबा बंद झालं आणि चार महिने त्या पानाकडे कुणी फिरकलं नाही. ऑक्टोबरमध्ये तक्त्याने जुनी मांडणी फिल्टरसकट परत आणली. पान फक्त पुढच्या बुकिंगांचं. त्यात मे कुठून सापडणार? फिल्टर काढला आणि सगळ्या नोंदी जागच्या जागी दिसल्या.

पान कोरं म्हणजे डेटा गेला, हा सगळ्यात जास्त घाबरवणारा गैरसमज. नोंदी सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये असतात. मांडणी, म्हणजे रकान्यांचा क्रम, रुंदी, लपवलेले रकाने, सॉर्ट, फिल्टर, कितवं पान उघडं होतं, हा जेसन स्वरूपातला छोटासा मजकूर असतो आणि बहुतेक वेळा तो तुमच्याच ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये राहतो. दोन्हींचा मुक्काम वेगळा, म्हणून बिघाडही वेगळे.

अशा वेळी शेजारपाजारचा सल्ला ठरलेला: "आधी ब्राउझर साफ कर." हे कृपा करून लगेच करू नका. नुसता कॅशे पुसला तर बिघडत नाही, पण 'कुकीज आणि साइटचा डेटा' यावर टिक केलीत की लोकल स्टोरेज पुसलं जातं आणि इतक्या दिवसांत बसवलेली मांडणी खरोखरच जाते. आधी फिल्टर बघा, मग मांडणीचा तो मजकूर फाईलमध्ये काढून ठेवा, पुसायचं ते नंतर.

लॉगिन तेच असलं की मांडणीही सगळीकडे तीच दिसेल, असंही लोक धरून चालतात. मांडणी सर्व्हरवर ठेवलेली असेल तरच तसं होतं. लोकल स्टोरेज त्या एका ब्राउझरचं आणि त्या एका पत्त्याचं असतं. पत्ता 'एचटीटीपी'वरून 'एचटीटीपीएस'वर गेला किंवा पुढे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लागलं, तरी ब्राउझरच्या लेखी ते दुसरं घर. शिवाय २०२० पासून सफारीचा नियम असा, की ब्राउझर वापरात असताना ७ दिवस एखाद्या साइटला हात लागला नाही, तर तिने साठवलेला असा मजकूर पुसला जातो. पावसाळ्यात धंदा बंद ठेवणाऱ्याच्या आयपॅडवरची मांडणी म्हणूनच टिकत नाही. 'डेटाटेबल्स' ही तक्ते दाखवणारी लायब्ररी वापरलेल्या पानावर तर मांडणी जतन करण्याची सोय मुळात बंद असते, आणि चालू केली तरी मुदत न वाढवल्यास ती २ तासांचीच.

एक्सेल काढून ठेवलं म्हणजे मांडणी जपली, हेही खरं नाही. त्या फाईलमध्ये नोंदी येतात. ती परत चढवून तक्त्याच्या सेटिंग जुळत नाहीत.

आणि मांडणीची फाईल हाताशी असली तरी ती चढवली की सगळं पूर्ववत होतं, ही समजूत प्रोग्रामरांचीसुद्धा असते. मला स्वतःला यात सर्वात जास्त वेळ घालवावा लागला आहे. फाईल रकाना ओळखते तो बहुतेक वेळा आतल्या नावाने. शीर्षक 'खोली'चं 'रूम' केलंत तर काही होत नाही. आतलं नाव बदललंत तर त्या रकान्याची सेटिंग अनाथ होते. 'एजी ग्रिड' या तशाच दुसऱ्या लायब्ररीत रुंदी परत येते आणि क्रम येत नाही, तेव्हा 'अप्लायऑर्डर' हा पर्याय 'ट्रू' द्यायचा राहिलेला असतो. फिल्टर तर तिथे रकान्यांच्या मांडणीत धरलेलेच नसतात, ते वेगळे जतन करावे लागतात. डेटाटेबल्सला रकान्यांची संख्या बदललेली दिसली, की जुनी मांडणी बाजूलाच ठेवली जाते. जेसन करताना फंक्शन गळून जातं, म्हणून पैसे बाकी असलेली ओळ लाल करणारा नियम फाईलमधून परत येत नाही, तो कोडमधूनच पुन्हा द्यायचा. तारखेचंही तसंच: जाताना तारीख असते, येताना नुसती अक्षरं होतात, आणि तुलना चुकली की फिल्टर रिकामा तक्ता दाखवतो.

बाईंच्या पानावर आता 'मांडणी जतन करा' असं बटण आहे. फाईल बनवताना ते तारखेचा फिल्टर आणि पान क्रमांक वगळतं. क्रम, रुंदी, लपवलेले रकाने आणि सॉर्ट एवढंच घेतं, सोबत आवृत्तीचा आकडा घालतं. होड्या वर ओढायच्या दिवसांत त्या ती फाईल स्वतःलाच मेल करतात. सप्टेंबरात चढवली, की 'आगाऊ रक्कम' हा रकाना 'पाहुणे'च्या शेजारी आला ना, एवढं बघतात आणि फोन घ्यायला उठतात.