शब्दाचा दुसरा पत्ता

इंग्रजी शब्दकोशात शब्द शोधायचा तर त्याचं पहिलं अक्षर ठाऊक असावं लागतं, मग दुसरं, मग तिसरं. पण समजा, कुणी ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशी सात सुटी अक्षरं पुढे ठेवली आणि सगळी वापरून शब्द करायला सांगितले, तर? जाडजूड ऑक्सफर्ड शेजारी उघडी असली तरी तिचा उपयोग शून्य. सात अक्षरं ओळीत मांडायचे ५,०४० प्रकार होतात. एकेक मांडून कोशात पडताळायला बसलं, तर रविवार पुरायचा नाही. सुट्या अक्षरांच्या टाइल्स जोडून शब्द करायच्या ‘स्क्रॅबल’ या खेळातला मुरलेला खेळाडू मात्र रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर, अँट्सिअर असे पाच शब्द एका दमात सांगून मोकळा होतो.

त्याला हे जमतं, कारण त्याच्या डोक्यात प्रत्येक शब्दाचा दुसरा पत्ता तयार असतो. शब्दातली अक्षरं ए ते झेड या क्रमाने लावली की हा पत्ता मिळतो. एस-टी-ओ-पी, म्हणजे ‘स्टॉप’, घ्या. क्रमाने लावलं की ओ-पी-एस-टी होतं. आता स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स आणि ऑप्ट्स यांची अक्षरं अशीच लावून पाहा. सगळीकडे ओ-पी-एस-टीच येतं. कोशात इकडेतिकडे विखुरलेले सहा शब्द एकाच घरी सापडतात. स्क्रॅबलवाले या पत्त्याला अल्फाग्राम म्हणतात आणि त्याची पाठांतरं करतात.

संगणकालाही हीच युक्ती शिकवली जाते. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या १९८६ सालच्या पुस्तकात ती फार सुंदर मांडली आहे. कोशातल्या प्रत्येक शब्दापुढे त्याची क्रमवार अक्षरं लिहायची आणि मग सगळी यादी त्या क्रमवार रूपानुसार लावायची. एकाच अक्षरांचे शब्द आपोआप शेजारी येऊन बसतात. ही मेहनत एकदाच करायची; पुढे कुठलीही अक्षरं आली तरी ती क्रमाने लावायची आणि थेट त्या जागी जायचं.

मात्र ‘या अक्षरांचे शब्द शोधा’ या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. सगळी अक्षरं वापरायची आणि नवीन एकही घ्यायचं नाही, हा पहिला प्रश्न; तो वर सुटला. दुसऱ्यात काही अक्षरं शिल्लक राहिली तरी चालतात. ब्रिटनमध्ये चॅनेल फोर ही वाहिनी २ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली, तेव्हा तिचा पहिलाच कार्यक्रम ‘काउंटडाउन’ होता. त्यात नऊ अक्षरं मिळतात आणि तीस सेकंदांत जमेल तेवढा लांब शब्द करायचा असतो. तिसरा प्रश्न याच्या उलट: दिलेली अक्षरं शब्दात असलीच पाहिजेत, सोबत आणखी कुठलीही असोत. ‘वर्डल’ या शब्दकोड्यात चौकोन पिवळा झाला, म्हणजे अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली, की आपण याच प्रश्नाशी झगडत असतो.

या तिसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर शाळेतल्या गणितात आहे, आणि मला ते या साऱ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यायची. ए म्हणजे २, बी म्हणजे ३, सी म्हणजे ५, असं करत झेडला १०१. शब्दाची किंमत म्हणजे त्याच्या अक्षरांचा गुणाकार. ई-ए-टी, म्हणजे ‘ईट’, ची किंमत ११ × २ × ७१ = १,५६२. टी-ई-ए, म्हणजे ‘टी’, ची किंमतही तीच, कारण गुणाकाराला क्रमाशी देणंघेणं नसतं. आता पी-एल-ए-टी-ई, म्हणजे ‘प्लेट’ची किंमत काढा: ३०,६३,०८२. तिला १,५६२ ने भागलं तर बाकी शून्य उरते आणि भागाकार येतो १,९६१. म्हणजे ‘प्लेट’मध्ये ई, ए आणि टी आहेत. उरलेले १,९६१ म्हणजे ५३ × ३७, अर्थात पी आणि एल. ‘प्लेट’मधल्या टीच्या जागी एन घालून ‘प्लेन’ केलं, तर किंमत १८,५५,१०६ होते आणि नि:शेष भाग जात नाही. कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या सिद्धान्तावर हे सगळं उभं आहे. एखादं अक्षर दोनदा हवं असेल तर ती संख्या दोनदा गुणायची, बस्स.

सगळीकडे एवढा काटेकोर हिशेब लागत नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारख्या सात घरांत सात अक्षरं असतात. मधलं अक्षर सक्तीचं, शब्द किमान चार अक्षरांचा, आणि एकच अक्षर कितीही वेळा वापरायची मुभा. इथे अक्षर आहे की नाही एवढंच पाहायचं. सव्वीस अक्षरांसाठी सव्वीस बिट, म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगणाऱ्या सव्वीस खुणा, पुरतात, आणि सातांबाहेरचं अक्षर दिसलं किंवा मधलं नसलं की शब्द बाद.

या कोड्यात एस सहसा देत नाहीत, कारण एस आला की अनेकवचनांचा सुळसुळाट होतो. हीच धास्ती स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांना होती. हे वास्तुविशारद गृहस्थ महामंदीत बेकार झाले आणि खेळ रचायच्या मागे लागले. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर मोजून काढलं. म्हणून शंभर टाइल्समध्ये ई बारा आहेत. एस मात्र जाणूनबुजून चारच ठेवले.

यंत्र क्षणात उत्तर देतं, हे खरं. पण स्वतः शोधण्याची गोडी वेगळीच आहे आणि ती प्रत्येकाने घ्यावी असं मला मनापासून वाटतं. खरी अडचण असते ती उच्चाराची. अक्षरं एका ओळीत दिसली की आपण ती मनात वाचतो आणि त्या आवाजात अडकतो. म्हणून ती गोलाकार लिहावीत. मग नेहमीची टोकं बाजूला काढावीत: शेवटचं आयएनजी, ईडी, ईआर, सुरुवातीचं आरई, यूएन. सुरुवातीच्या सात अक्षरांतून ई आणि आर काढा. उरतात ए, आय, एन, एस, टी. आरई पुढे लावलं की रिटेन्स आणि रेटिनाज, ईआर मागे लावलं की स्टेनर, नॅस्टिअर आणि अँट्सिअर. पाचही शब्द एकाच फोडणीतून निघतात.

मराठीत हा हिशेब असा सरळ बसत नाही. आपल्या शब्दकोड्याच्या एका चौकोनात ‘कि’ मावतो तसा ‘स्त्री’ही मावतो. सुटं काय करायचं, व्यंजन, मात्रा की अख्खं अक्षर, हे आधी ठरवावं लागतं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं कुठेही गेली तरी रूप बदलत नाहीत, म्हणून ही कोडी तिथे इतकी फोफावली.

अक्षरं अर्थापासून किती दूर नेता येतात, हे न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी दाखवून दिलं. इंग्रजी स्क्रॅबलचे ते अनेकदा जगज्जेते झालेले. २०१५ मध्ये त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, २०२४ मध्ये स्पॅनिशचं, आणि यांपैकी एकही भाषा त्यांना बोलता येत नाही. त्यांनी पाठ केल्या होत्या त्या फक्त शब्दांच्या याद्या.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि ही नऊ अक्षरं गोलाकार मांडा: ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. इंग्रजीचे पाचही स्वर त्यांत आहेत. नऊच्या नऊ अक्षरं वापरून होणारे तीन शब्द शोधायचे आहेत. शेवटी टीआयओएन ठेवलं की एक मिळेल, ईडी ठेवलं की उरलेले दोन.