काळ्या दगडाला विचारा, "कशावरून?"

मुलांनो, घरातला पाटा-वरवंटा नाहीतर आजीचं जातं आठवा. कोणत्या दगडाचं आहे ते? काळ्या पत्थराचं! आपल्या मराठवाड्यात हा दगड पायलीला पन्नास मिळतो. उमरीहून देगलूरच्या बाजूला गेलात, तर मात्र करडा-तांबूस, ठिपक्याठिपक्यांचा दगडही दिसू लागतो. काळा तो बेसाल्ट, ठिपक्यांचा तो ग्रॅनाइट.

या दगडांवर बोलण्यासाठी जगभरातली माणसं दरवर्षी एका शहरात जमतात, असं सांगितलं तर खरं वाटेल? पण ते खरं आहे. दगड, माती, पाणी कोणत्या मूलद्रव्यांचं बनलं आहे याचा अभ्यास करणारं शास्त्र म्हणजे भूरसायनशास्त्र. व्हिक्टर गोल्डश्मिट (१८८८–१९४७) या शास्त्रज्ञानं त्याचा भक्कम पाया घातला. त्यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय परिषद १९८८ साली अमेरिकेत बाल्टिमोरला सुरू झाली. २०२५ च्या जुलैमध्ये ती प्रागला भरली होती.

तिथे फक्त पांढऱ्या केसांचे प्राध्यापकच जातात असं समजू नका. पीएच.डी. करणारे विद्यार्थीही जातात. काही महिने आधी आपल्या कामाचा गोषवारा पाठवायचा. तो निवडला गेला, तर काही मिनिटांचं भाषण करायचं, नाहीतर भलंमोठं पोस्टर लावून त्याच्याजवळ उभं राहायचं. येणारा-जाणारा थांबतो, वाचतो आणि विचारतो, "हे कशावरून म्हणता?" तुमच्या विज्ञान प्रदर्शनात होतं ना, अगदी तसंच! फरक एवढाच, की विचारणारा कदाचित त्या विषयावर पुस्तक लिहिलेला असतो.

आपल्या काळ्या दगडाचीच गोष्ट ऐका. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर साचले. आजही त्यांनी जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. त्याच सुमारास मेक्सिकोजवळ एक प्रचंड लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर नाहीसे झाले. मग दोष कुणाचा? लघुग्रहाचा, की आपल्या लाव्हारसाचा? हे ठरवायचं तर लाव्हा नेमका केव्हा वाहिला ते कळायला हवं.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या कोर्टनी स्प्रेन यांनी पीएच.डी. केली ती याच काळावर. त्यांच्या गटात आपल्या मुंबई आयआयटीचे कांचन पांडेही होते. त्यांनी सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांचं वय आर्गॉन वायूवरून मोजलं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या दुसऱ्या गटानं दोन थरांच्या मध्ये सापडणाऱ्या तांबड्या मातीतले झिरकॉनचे बारीक कण घेतले आणि त्यांतल्या युरेनियम-शिशावरून वय काढलं. दोघांचे लेख २०१९ साली एकाच विज्ञान-नियतकालिकात छापून आले. एक गट म्हणाला, सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा लघुग्रहानंतर वाहिला. दुसरा म्हणाला, लाव्हाचे चार मोठे लोंढे आले, आणि त्यांतला एक लघुग्रहाच्या हजारो वर्षं आधीच सुरू झाला होता. डोंगर तेच, उत्तरं वेगळी! मग भांडण झालं का? नाही. दोघांनी आपापले आकडे सगळ्यांपुढे ठेवले. आता कोणीही ते तपासावेत. परिषदा असतात त्या याचसाठी.

हा "कशावरून?" मला फार उशिरा समजला. त्याची एक कबुली देते.

काही वर्षांपूर्वी किनवटकडच्या भागात शिकवत असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे, दात घासत नाहीस?" पोरं हसली. तो मान खाली घालून बसला. पुढे कित्येक दिवस तो हसायचा तो तोंडावर हात ठेवून.

मग एकदा त्याच्या वस्तीवर गेले. पाहते तर शेजारच्या पोरांचेही दात तसेच. सगळे एकाच बोअरचं पाणी पीत होते. ते पाणी आम्ही भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत दिलं. पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं. ग्रॅनाइटसारख्या खडकांतल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी वर्षानुवर्षं खडकात मुरतं, तेव्हा ते त्यात उतरतं. एका लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. लहानपणी, पक्के दात तयार होत असताना असं पाणी पोटात गेलं की दातांवर डाग पडतात. पुष्कळ वर्षं फार जास्त फ्लोराइड गेलं, तर हाडंही दुखावतात.

म्हणजे चूक त्या पोराच्या ब्रशची नव्हती, त्याच्या पायाखालच्या दगडाची होती. मी मात्र "कशावरून?" असं स्वतःला न विचारताच निकाल देऊन मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोरच त्याची माफी मागितली. हसणाऱ्या पोरांसमोर चुकले, तर माफीही तिथेच मागायला हवी ना!

पालकांना एक विनंती. फ्लोराइड पाणी उकळून जात नाही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही की जिभेला कळत नाही. म्हणून आपल्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. ते कमी करण्याचे उपाय आहेत. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनं शोधली आहे. तोवर पिण्यापुरतं तरी दुसऱ्या विहिरीचं पाणी आणावं.

आणि मुलांनो, तुम्हाला या सुट्टीचं काम. वेगवेगळ्या ठिकाणचे पाच दगड गोळा करा. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवा. कुठे सापडला, कोणत्या तारखेला, जवळ विहीर होती की ओढा, हे सगळं तिच्यावर लिहा. चिठ्ठी नसलेला दगड म्हणजे नाव नसलेली उत्तरपत्रिका! परिषदेला जाणाऱ्या त्या ताई-दादांचं कामही अशाच चिठ्ठीपासून सुरू होतं.