वाटून लावलेला लळा

नैरोबी : इथे येणारा पाहुणा सकाळी अकराच्या सुमारास शेल्ड्रिक ट्रस्टच्या हत्तींच्या अनाथालयात हमखास जातो. झुडपांतून पिल्लं धावत येतात, हिरवे डगले घातलेली माणसं मोठाल्या बाटल्यांनी त्यांना दूध पाजतात, पिल्लं चिखलात लोळतात आणि तासाभराने पुन्हा रानात जातात. पाहुणे फोटो काढून निघतात. मला लिहायचंय ते त्या हिरव्या डगल्यांतल्या माणसांबद्दल. प्राण्यांच्या सेवेत सगळं आयुष्य घालवणं म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडे पाहून कळलं.

हे अनाथालय नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला लागूनच आहे. १९४६ साली घोषित झालेलं हे केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान राजधानीला इतकं चिकटून आहे, की गवतात चरणाऱ्या जिराफांमागे शहरातल्या उंच इमारती दिसतात. इथली माणसं मात्र शहरी वेळापत्रकाने चालत नाहीत. हत्तीचं नवजात पिल्लू शंभर किलोच्या आसपास भरतं, आणि पहिली दोन वर्षं ते दुधाशिवाय जगत नाही. दर तीन तासांनी बाटली, रात्रीसुद्धा. म्हणून पिल्लाच्या खोलीतच सांभाळणाऱ्याचाही बिछाना असतो. रानात पिल्लू आईच्या पोटाखाली, तिच्या सावलीत आणि उबेत वाढतं. इथे आई नाही, म्हणून थंडीत अंगावर घोंगडी बांधायची आणि कोवळे कान उन्हाने भाजू नयेत म्हणून त्यांना मलम चोळायचं. दुधाचा प्रश्न तर वर्षानुवर्षं सुटत नव्हता. गाईच्या दुधातली चरबी हत्तीच्या पिल्लाला पचत नाही. ट्रस्टच्या संस्थापक डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी कितीतरी पिल्लं गमावल्यावर लहान मुलांच्या डब्याच्या दुधात खोबरेल तेल मिसळून पाहिलं, आणि तेव्हा कुठे पिल्लं तगू लागली.

त्यांना दुसरा धडा मिळाला तो त्याहून जड होता. सत्तरच्या दशकात आयेशा नावाचं पिल्लू त्यांनी स्वतः वाढवलं. मुलीच्या लग्नासाठी त्या काही दिवस घराबाहेर गेल्या. आयेशाने खाणंपिणं सोडलं आणि ती गेली. जीव एकाच माणसात गुंतला होता, तोच दिसेनासा झाला. तेव्हापासून इथे पाळ्या बदलतात. आज रात्री या पिल्लाजवळ, उद्या दुसऱ्याजवळ. अमुक पिल्लू माझं, असं कुणी म्हणायचं नाही. माझ्या मते या पेशाचं मर्म या नियमातच आहे. जीव लावायचा, त्यात हात आखडता घ्यायचा नाही, पण तो लळा सगळ्यांत वाटून टाकायचा. फार कमी माणसांना हे जमतं, आणि ज्यांना जमतं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पिल्लू साधारण तीन वर्षांचं झालं की त्याला त्सावो राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला वोई, इथुंबा किंवा उमानी इथे हलवतात. आधी काही दिवस ट्रकच्या आतच दुधाची बाटली देतात, म्हणजे निघायच्या पहाटे ते बिनधास्त आत चढतं. तिथे ते रानटी कळपांना भेटतं, संध्याकाळी परत येतं आणि असं करता करता काही वर्षांनी कळपाबरोबरच राहतं. पिल्लू परत येईनासं झालं, की सांभाळणाऱ्याचं काम साधलं. अशी तीनशेहून अधिक पिल्लं ट्रस्टने वाढवली आहेत. रानात गेलेल्या काही हत्तिणी पुढे स्वतःचं पिल्लू घेऊन या माणसांपाशी आल्या आहेत.

एके काळी ही पिल्लं पोरकी होत ती मुख्यतः हस्तिदंतापायी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केनियात दीड लाखाहून अधिक हत्ती होते, ते १९८९ पर्यंत सोळा हजारांच्या आसपास उरले. त्याच वर्षी अध्यक्ष मोई यांनी नैरोबी उद्यानात बारा टन हस्तिदंत जाळलं. २०२१ च्या गणतीत हत्ती ३६,२८० भरले. आता चोरटी शिकार बरीच कमी झाली आहे. कारणं बदलली आहेत : दुष्काळ, विहिरी आणि शेतं.

विहिरी म्हणजे उत्तरेकडे सांबुरू गुराख्यांनी कोरड्या नदीपात्रात हातांनी खणलेल्या. पाण्याच्या ओढीने आलेलं पिल्लू त्यांत पडतं. त्याला बाहेर काढून आधी कळप शोधतात, नाहीच सापडला तर रेटेटीला नेतात. २०१६ साली सुरू झालेलं हे केंद्र तिथल्या समाजाचं स्वतःचं आहे. गुरं राखण्यात वाढलेल्या सांबुरू मुलामुलींना तिथे पगाराची नोकरी मिळते. कोविडच्या महामारीत डब्याचं दूध मिळेना, तेव्हा तिथे शेळीचं दूध वापरून पाहिलं आणि ते मानवलं. ते दूध आसपासच्या बायकांकडून विकत घेतात. हत्ती जगला तर तिच्या शेळीच्या दुधाला गिऱ्हाईक राहतं, हे त्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

त्सावोलगतच्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं तसं नाही. वाढवून रानात सोडलेले हत्ती आणि रात्री त्याच्या शेतात शिरणारे हत्ती यांच्यात तो फरक का करील? आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात ज्यांच्या केळी आणि माड हत्तींनी आडवे केले, त्यांना त्याचा राग लगेच कळेल. २०१३ च्या कायद्याने इथेही भरपाई आहे, पण ती वेळेवर हातात पडत नाही.

वोईजवळच्या सगाला गावात प्राणिशास्त्रज्ञ ल्युसी किंग यांनी वेगळी वाट काढली. हत्ती मधमाश्यांना घाबरतो. शेताभोवती तारेवर दर दहा मीटरवर पेट्या टांगायच्या. हत्तीचा तारेला धक्का लागला की सगळ्या पेट्या हलतात, माश्या बाहेर पडतात आणि बहुतेक हत्ती मागे फिरतात. मध शेतकऱ्याचा. पेट्या ओस पडू नयेत म्हणून दुष्काळात माश्यांना पाणी ठेवावं लागतं, तार ओढून बघावी लागते, मुंग्या झटकाव्या लागतात. हे काम शेतकऱ्याच्या घरातलीच माणसं करतात. हिरवा डगला त्यांच्या अंगावर नसतो, पण हत्ती राखणाऱ्यांत मी त्यांनाही धरतो.