विजेचे 'होय' आणि 'नाही'

धानाच्या बांधीला पाणी देणे आपणां गोरेगावकरांस नवे नाही. एकाच पाटावर एकापुढे एक अशी दोन फाटके असली, तर पहिले आणि दुसरे, अशी दोन्ही उघडावी लागतात. तीच फाटके दोन वेगळ्या पाटांवर असली, तर पहिले किंवा दुसरे, कोणतेही एक उघडले तरी बांधी भरते. पाण्याच्या जागी वीज आणि फाटकाच्या जागी बटण घ्या, म्हणजे संगणकातील 'आणि-द्वार' व 'किंवा-द्वार' यांचे मर्म हाती आले.

होय-नाहीचे हे बीजगणित जॉर्ज बूल यांनी १८५४ साली ग्रंथरूपाने मांडले. विजेच्या स्विचांना ते लागू पडते, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात दाखविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. आता ते काम इवलेसे ट्रान्झिस्टर करतात.

प्रयोगासाठी ६ व्होल्टची बॅटरी, तेवढ्याच दाबाचा दिवा आणि घंटीची दोन बटणे पुरेत. घरातल्या विजेला मात्र हात लावावयाचा नाही. बटणे एकामागे एक जोडली की 'आणि', शेजारी-शेजारी जोडली की 'किंवा'.

'नकार-द्वारास' ट्रान्झिस्टर हवा. 'बीसी ५४७' चा एमिटर बॅटरीच्या ऋण टोकास, तर कलेक्टर १,००० ओहमच्या रोधकातून धन टोकास जोडा. कलेक्टर व ऋण टोक यांच्यामध्ये एलईडी लावा. तिचा लांब पाय कलेक्टरकडे असावा. बटणातून व १०,००० ओहमच्या रोधकातून बेसला धन टोक मिळाले, की ट्रान्झिस्टर वीज परस्पर आपल्याकडे ओढतो आणि एलईडी विझते. बटण सोडताच ती लागते. 'होय' म्हणावे तर उत्तर 'नाही'!

आता पारख. दोन बटणांच्या अवस्था चारच: ००, ०१, १०, ११. 'आणि' ची उत्तरे क्रमाने ०, ०, ०, १. 'किंवा' ची ०, १, १, १. पहिले व शेवटचे उत्तर दोहोंचे सारखेच आहे, हे ध्यानात घ्या. समजा, राइस मिलचा पट्टा 'जाळी लावलेली आणि बटण दाबलेले' असतानाच फिरावा, अशी योजना आहे. कारागिराने चुकून 'किंवा' जोडले. जाळी लावून बटण दाबले, पट्टा फिरला; जाळी काढून बटण सोडले, पट्टा थांबला. दोन्ही परीक्षा उत्तम पार पडल्या! पुढे एखादा मजूर जाळी काढून पट्टा साफ करीत असता कोणी बटण दाबले, तर त्या मजुराच्या हाताचे काय होईल, हे सांगावयास नको.

म्हणून चारही ओळी तपासावयाच्या. बटणे तीन झाली तर ओळी ८, दहा झाली तर १,०२४. अर्धी पारख ही पारख न करण्याहून घातक. कारण ती आपणांस निर्धास्त करते.